कुंदनचे डोळे कोणी उघडले?

आनंद एल. राय यांचा 'रांझणा' २०१३ साली आला. बनारसच्या गल्ल्यांत वाढलेला कुंदन त्यात शेवटी इस्पितळात प्राण सोडतो. १ ऑगस्ट २०२५ रोजी याच चित्रपटाची तमिळ आवृत्ती, 'अंबिकापती', पुन्हा चित्रपटगृहांत लागली, तेव्हा कुंदन मेला नाही. त्याने डोळे उघडले. ते धनुषने उघडले नव्हते. कृत्रिम बुद्धिमत्तेने उघडले होते. दिग्दर्शक व नट दोघांनीही जाहीर निषेध केला. हक्कधारक इरॉस कंपनीचा बचाव असा, की मूळ चित्रपट जागच्या जागी आहे, ही निव्वळ पर्यायी आवृत्ती आहे आणि कायद्याने चित्रपट आमचाच आहे.

कंपनीने कंपनीसारखे बोलावे यात नवल नाही. आम्हांस खटकतो तो साहित्याच्या वर्गांतून ऐकू येणारा त्याचा प्रतिध्वनी. संहिता खुली असते. लेखक तर रोलाँ बार्थने १९६७ मध्येच मारला. मग शेवट बदलला तर बिघडले कुठे? शिवाय नेहम टेटचा दाखला तयारच असतो. टेटने १६८१ साली 'किंग लिअर'चा शेवट गोड केला. कॉर्डिलिया जगली, एडगरशी तिचे लग्न ठरले, लिअरला राज्य परत मिळाले, आणि इंग्रजी रंगभूमीवर दीडशे वर्षे तेच रूप चालले.

दाखला खरा आहे, पण तो या बचावाच्या विरुद्ध जातो. टेटने आपल्या लिअरवर आपले नाव घातले. हसायचे तर टेटला हसता येते, आणि पुढच्या पिढ्या त्याला यथेच्छ हसल्याही. दुसरे असे, की त्या प्रत्येक प्रयोगात कोणी एक नटी, आपण काय करीत आहोत हे जाणून, जगणारी कॉर्डिलिया उभी करीत होती. मरणारी कॉर्डिलिया जिने रंगवली तिचीच मुद्रा उचलून तिला परस्पर बोहल्यावर चढवलेले नव्हते. 'अंबिकापती'त नेमके हे घडले आहे. रूपांतर करणारा मूळ कृतीशी वाद घालतो. इथे साक्षीदाराच्या तोंडी न दिलेली साक्ष घातली गेली.

यंत्राचे आम्हांस वावडे नाही. चित्रपट ही मुळातच यंत्राची कला. फाळक्यांच्या 'लंकादहन'मध्ये (१९१७) अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता दोन्ही साकारले, 'संत तुकाराम'मधील (१९३६) वैकुंठगमन ही तर सरळसरळ कॅमेऱ्याची करामत. परंतु त्या करामतीच्या मुळाशी साळुंके, पागनीस कॅमेऱ्यासमोर उभे होते, आणि तेच करायला उभे होते. आज व्हिडिओ रचणारी यंत्रे असंख्य चित्रफितींवरून शिकतात आणि ठिपक्यांच्या गोंधळातून टप्प्याटप्प्याने एक संभाव्य प्रतिमा घडवतात. 'संभाव्य' हा शब्द इथे महत्त्वाचा. मरणाच्या प्रसंगात पापणी किती जड ठेवावी, हा नटाचा निर्णय असतो, आणि तो चुकूही शकतो. यंत्राने उघडलेली पापणी चुकतही नाही, कारण तिथे कोणी काही ठरवलेलेच नसते.

बार्थविषयीही थोडे. त्याने लेखकाला बाजूला सारले ते वाचकाला जागा मिळावी म्हणून. इथे त्या रिकाम्या जागेवर येऊन बसला आहे मालक. वाचक कुंदनच्या मरणाचे शंभर अर्थ लावू शकत होता. मालकाने ते मरणच काढून घेतले.

आपला कायदा या मालकाला फार सोयीचा आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा 'लेखक' म्हणजे निर्माता. दिग्दर्शक तिथे कोणीच नाही. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे विज्ञान भवनातील भित्तिशिल्प सरकारने काढून त्याची मोडतोड केली, तेव्हा २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने कलम ५७चा आधार घेऊन त्यांना ते परत देवविले, वर पाच लाखांची भरपाईही दिली. विकलेल्या कृतीवरही कर्त्याचा नैतिक हक्क उरतो, असा त्याचा अर्थ. चित्रपटात मात्र हा कर्ता निर्माताच असल्याने विटंबना करणारा आणि तक्रारीचा अधिकार असलेला एकच! नटाला २०१२च्या दुरुस्तीने कलम ३८ब मिळाले आहे. आपल्या अभिनयाच्या प्रतिष्ठेस बाधक अशा विकृतीला तो हरकत घेऊ शकतो. धनुषच्या न मिटलेल्या डोळ्यांचा विचार या कलमाखाली व्हायला हवा, असे आमचे स्पष्ट मत आहे. दिग्दर्शकाला सहलेखक मानल्याखेरीज मात्र भागणार नाही, आणि साहित्याच्या अध्यापकांनी ही मागणी चित्रपटवाल्यांवर सोडून देऊ नये.

तरीही ज्यांना यात केवळ खुल्या संहितेचा उत्सव दिसतो त्यांनी एवढेच सांगावे. उद्या २०१६च्या 'नटसम्राट'मधील नाना पाटेकरांचा चेहरा घेऊन कोणी आप्पा बेलवलकरांना उठवून बसवले, मुलांना पश्चात्ताप झाला आणि सारे घरी परतले, तर 'शोकांतिकेचा नायक' या प्रश्नाच्या उत्तरपत्रिका आपण कोणत्या आवृत्तीवरून तपासणार?