आकडा म्हणजे निकाल नव्हे

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मांजराच्या रोगावर लिहावे, याचे काहींना हसू येईल. पण हा प्रश्न जितका वैद्यकाचा, तितकाच पुरावा पारखण्याचा आहे. आणि पुरावा पारखणे आम्हांला हिशेबाच्या तासाला शिकवितात.

'फेलाइन इन्फेक्शस पेरिटोनायटिस', थोडक्यात एफ.आय.पी., हा मांजरांचा रोग १९६३ साली अमेरिकेत प्रथम नोंदला गेला. तो होतो एका कोरोनाविषाणूमुळे. हा विषाणू पुष्कळ मांजरांच्या आतड्यांत असतो आणि बहुधा काही बिघडवीत नाही. थोड्या मांजरांत मात्र तो रूप पालटतो. मग ताप हटत नाही, पुष्कळदा पोटात पाणी साठते आणि उपचार न झाल्यास मांजर दगावते.

गोम इथेच आहे. रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी एवढेच सांगते की, या मांजराची विषाणूशी गाठ पडली होती. निरुपद्रवी रूपाशी की घातक रूपाशी, हे तिला सांगता येत नाही. तरीही तिला 'एफ.आय.पी.ची टेस्ट' म्हणण्याची चाल पडली, आणि त्या आकड्यावरून मांजरांना मरणाचे इंजेक्शनही दिले गेले.

रिव्हाल्टाची चाचणी त्या मानाने साधी. डिस्टिल्ड पाण्यात ॲसेटिक ॲसिडचा थेंब मिसळून त्यात मांजराच्या पोटातील पाण्याचा एक थेंब सोडतात. तो विरून गेला, तर हा रोग बहुधा नाही. आकार धरून राहिला, तर संशय बळावतो. पण रोग सिद्ध होत नाही, कारण जिवाणूंच्या संसर्गातही असे घडते. आपली तेरीज अशीच एका बाजूने बोलते. जुळली नाही तर चूक नक्की; जुळली म्हणून वह्या निर्दोष ठरत नाहीत.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे नील्स पेडरसन व सहकाऱ्यांनी जीएस-४४१५२४ हे औषध ३१ आजारी मांजरांना दिले, आणि त्यांतील बहुतेक वाचली. आता घाईच्या निदानाने बरे होणारे मांजर मरते, किंवा नसलेल्या रोगावर बारा आठवडे औषध चालते.

म्हणून माझे मत असे की, प्रयोगशाळांनी तपासणीला तिचे खरे नाव द्यावे आणि तिची मर्यादा अहवालातच छापावी. पशुवैद्यांनी वय, लक्षणे, पोटातील पाणी आणि रक्तातील प्रथिने एकत्र पाहूनच मत द्यावे. मांजर पाळणाऱ्याने तर एक प्रश्न अवश्य विचारावा : या तपासणीने काय सिद्ध होत नाही?