हमाल काढला, रांग तशीच

मध्यंतरी परभणीतल्या एका परिसंवादात एका विद्वान वक्त्यांनी कापूस खरेदीतल्या अपव्ययाचे निदान पाच मिनिटांत उरकले. बाजारात माणसे फार झालीत, हे त्यांचे म्हणणे. हमाल, मापाडी, कारकून, पावती फाडणारा, फाटकावरचा शिपाई, सगळी गळती म्हणे इथेच. यांच्या जागी यंत्रे आणा, अ‍ॅप आणा, ‘लीन’ व्हा, की शेतकऱ्याचे भले झालेच म्हणून समजा. टाळ्याही पडल्या. कापसाने भरलेल्या ट्रॉलीवर रात्र काढलेला माणूस त्या सभागृहात बहुधा नसावा.

ज्या लीनचा त्यांनी एवढा जप केला, त्याचे मूळ टोयोटाच्या कारखान्यात आहे. तिथल्या तैइची ओनो यांनी अपव्ययाचे सात प्रकार सांगितले: गरजेपेक्षा जास्त उत्पादन, खोळंबा, वाहतूक, नको ती प्रक्रिया, साठा, नको ती हालचाल आणि सदोष माल. या यादीत हमाल कुठेही नाही. खोळंबा मात्र आहे, आणि वक्त्यांनी तेवढाच नेमका गाळला.

हंगामात मानवत-सेलूच्या रस्त्याने जाणाऱ्याला जिनिंगकडे निघालेल्या ट्रॉल्या दिसतात. त्यातली एक घ्या. हमीभावासाठी कापसात 8 टक्के ओलावा धरलेला आहे, 12 पर्यंत भावात कपात होते आणि त्यावर गेला की माल परत. आता डिसेंबरातल्या पहाटे दव खाल्लेल्या ट्रॉलीत मीटरची दांडी खुपसली की आकडा येतो 13. तीच ट्रॉली ताडपत्री काढून दुपारपर्यंत उन्हात उभी केली, की वरचा थर 11 वर उतरतो. शेतकऱ्याला हे पक्के ठाऊक असते. म्हणून तो सकाळी आपला नंबर मागच्याला देतो. मागचाही काही खुळा नसतो, तो आणखी मागच्याला देतो. परिणामी सकाळी काटा रिकामा, ग्रेडर चहा पितोय, आणि तीननंतर सगळ्यांची एकदमच झुंबड. संध्याकाळी काटा बंद झाला की उरलेल्यांचा मुक्काम. ट्रॉलीचे भाडे चढते, चालकाचे जेवण चढते, रात्री पुन्हा दव पडते आणि सकाळी पुन्हा 13. या साऱ्यात हमालाचा वाटा किती? ट्रॉली रिकामी करण्याचा तासभर. त्याच्या जागी उद्या यंत्र आणले आणि तो तास दहा मिनिटांवर आला, तरी रात्र आहे तेवढीच राहणार.

2025च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने, म्हणजे सीसीआयने, ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी आणि स्लॉट आणले. स्लॉटची कल्पना चांगलीच आहे. पण दव काही स्लॉट पाहून पडत नाही.

हा वाद तसा जुनाच. 1972मध्ये महाराष्ट्रात कापसाची सरकारी एकाधिकार खरेदी आली तेव्हा व्यापारी मधून काढला की सगळे सुरळीत, असे सांगणारे होते. व्यापारी गेला आणि लोक चुकाऱ्याची वाट पाहत बसले. पुढे कार्यालयांत संगणक आले तेव्हा कागद संपणार होता. तो संपला नाहीच, उलट प्रिंट, प्रिंटची झेरॉक्स आणि झेरॉक्सवर शिक्का असा त्याचा वंश वाढला. 2021पासून शेतकरी बांधावर उभा राहून स्वतः ई-पीक पाहणी करतो, पेरा सरकारदप्तरी लागतो, आणि हमीभावाच्या नोंदणीला तोच पेरा सरकारलाच पुन्हा दाखवायचा! ओनोंची ‘नको ती प्रक्रिया’ आणखी कशी असते?

गंमत म्हणजे लीनचे बियाणे कापसाच्याच धंद्यातले. टोयोटा ज्या घराण्याची, त्यातल्या साकिची तोयोदांचा 1924चा स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबायचा. ओनोही मोटारींकडे वळण्याआधी त्याच घराण्याच्या कापडउद्योगात होते. चूक झाली की थांबणे, हे त्या यंत्राचे मोठेपण. आमच्याकडचे यंत्र थांबतच नाही. माझ्या पाहण्यातल्या एका अर्जात पेऱ्यात कापसाऐवजी सोयाबीन चढले होते. अर्ज बिनतक्रार पुढे सरकला आणि चूक कळली ती भरलेली ट्रॉली फाटकावर आल्यावर.

शेतकऱ्याला अ‍ॅप जमत नाही, हा परिसंवादातल्या त्या वक्त्यांचा आणखी एक मुद्दा. खताचे पैसे फोनवरून देणाऱ्याला ते बरोबर जमते. जपानी शिस्तीचे म्हणाल तर रांगेत रात्र काढणाऱ्याला ती शिकवायला कोणी जाऊ नये. उरले हमाल. 1969चा माथाडी कायदा त्यांच्या कष्टाला संरक्षण देण्यासाठी झाला. ओझे यंत्राने जरूर उचलावे, त्यांची पाठ वाचेल. रांग आखडेल अशी थाप मात्र मारू नये.

मग करायचे काय? फार काही नाही. ओलावा गावातच मोजावा, ग्रामपंचायतीत किंवा शेतकरी कंपनीच्या गोदामात एक तपासलेला मीटर ठेवून. म्हणजे ओला माल घरीच वाळेल, भाड्याच्या ट्रॉलीत नाही. स्लॉट तारखेचा न देता वेळेचा द्यावा आणि सकाळचे स्लॉट आदल्या दिवशी कोरडा ठरलेल्या मालाला. पेरा दप्तरातूनच उचलावा, आणि तो जुळला नाही तर अर्ज तिथल्या तिथे अडावा, शेतकरी घरी असतानाच. यासाठी मोठी टेंडरे निघत नाहीत, ही अडचण मला मान्य आहे. तरी एका केंद्रावर एक हंगाम एवढे करून पाहा. हमाल किती जास्त आहेत ते मग मोजू.