केशरी कार्डाला ८३०, निर्यातदाराला ४१५

“गोदामं भरून वाहत होती, गहू सडत होता, मग निर्यात केली तर बिघडलं कुठे?” असं शिकलेसवरलेले लोक आजही आम्हाला ऐकवतात. कुठे बिघडलं ते ऐका.

१९९७ ला रेशन दारिद्र्यरेषेच्या वर आणि खाली असं तोडलं. १९९९ पासून महाराष्ट्रात तीन रंगांची कार्डं आली. पिवळ्या कार्डासाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न १५,००० च्या आत हवं. म्हणजे तारापूर एमआयडीसीत ठेकेदाराकडे महिना तेराशे रुपये मिळवणारा, बोईसरच्या चाळीत राहणारा कामगार सरकारच्या लेखी गरीब नव्हता! त्याच्या हातात केशरी कार्ड. २००० च्या अखेरीस गव्हाचा केंद्राचा दर पिवळ्याला क्विंटलमागे ४१५ रुपये आणि केशरीला ८३०. जवळपास बाजारभावच. मग रेशनच्या रांगेत कोण उभं राहणार? उचल घटली, गोदामं फुगली. २००२ च्या मध्यास साठा ६ कोटी टनांवर गेला. त्या काळात जुलैला राखीव साठा लागायचा २ कोटी ४३ लाख टन.

याला ‘अतिरिक्त धान्य’ म्हणणं ही शुद्ध लबाडी आहे. हा लोकांच्या ताटातून कापलेला घास होता. आणि वाजपेयी सरकारने तो निर्यातदारांना काय दराने दिला? क्विंटलला ४१५. व्यापाऱ्याला पिवळं कार्ड, कामगाराला केशरी! ज्या जव्हार तालुक्यात १९९२ ला वावर-वांगणीची लेकरं कुपोषणाने गेली, तो तालुका इथून हाकेच्या अंतरावर. गरिबाला दिलं की सबसिडी तिजोरीवरचं ओझं ठरते, व्यापाऱ्याला दिली की प्रोत्साहन.

“जुनं कशाला उकरता?” असं आपलेच कार्यकर्ते विचारतात. जुनं? जानेवारी २०२५ मध्ये इथेनॉल कारखान्यांसाठी अन्न महामंडळाच्या तांदळाचा दर क्विंटलला २,८०० वरून २,२५० वर आणला. निर्यातदाराच्या जागी कारखानदार आला, एवढाच फरक. आणि अन्नसुरक्षेचा इष्टांक? तो अजून २०११ च्या जनगणनेवर अडकलेला. नवरा-बायको दोघं ठेक्यावर राबतात, कार्डात पोरांची नावं चढवायला जातात, तर उत्तर मिळतं, “इष्टांक संपला.” तांदूळ संपलेला नाही, इष्टांक संपलाय.

जयंतीच्या वर्गणीचा हिशोब आपण पै-पैचा मागतो, आणि मागायलाच हवा. पण पालघरच्या दक्षता समितीत इष्टांकाचा हिशोब आपल्यापैकी किती जणांनी मागितला?

जय भीम!