संध्याकाळी सहा ते नऊ

दिवाळीत बोनस हातात पडतो, सुट्टी लागते, पुण्या-मुंबईचे मित्र गावी येतात आणि पहिल्याच फोनवर विचारणा होते, ‘मग, कधी बसायचं?’ ज्याने चार महिन्यांपूर्वी दारू सोडली आहे, त्याच्या घरात हे दिवस कसे जातात याची बाहेरच्याला कल्पना येत नाही. बायको चकल्या तळत असते, पण एक कान दाराकडे असतो. तो चप्पल घालताना दिसला की आई उगाच विचारते, ‘कुठे निघालास?’ तो कुठेच निघालेला नसतो. त्याला जायला जागाच उरलेली नसते. पूर्वी पैशांची जुळवाजुळव, मित्रांना गोळा करणं, बसणं, घरी येऊन तमाशा आणि सकाळी पश्चात्ताप यांत त्याचा दिवस भरगच्च असायचा. आता दारू सुटली आहे आणि तिने व्यापलेले तास रिकामे पडले आहेत.

यंदाचा अंक छंदांवर काढायचा म्हटल्यावर, ‘छंद म्हणजे खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचा विषय’ असा आक्षेप घेतला गेला. तो अगदीच खोटा नाही. दिवसाचे बारा तास राबणाऱ्याला छंद विचारणं ही थट्टा वाटू शकते. पण छंदाची खरी निकड कोणाला असते, हे पाहायचं तर व्यसनातून किंवा मनाच्या आजारातून वर येणाऱ्या माणसाकडे पाहावं. इतरांसाठी छंद ही हौस असेल, त्याच्यासाठी मात्र तो संध्याकाळी सहा ते नऊ काय करायचं या प्रश्नाचं उत्तर असतो.

महाराष्ट्रात हे ज्यांना लवकर उमगलं त्यांत अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांची नावं आधी घ्यावी लागतील. अनिल अवचटांनी गर्द या अमली पदार्थाच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांवर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांच्या देणगीतून २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. अनिताताई मानसोपचारतज्ज्ञ होत्या, त्यामुळे उपचारांची शिस्त त्यांची. अनिल अवचटांनी आपल्यासोबत आणलं ते त्यांचं छंदिष्टपण. ओरिगामी, लाकडातलं कोरीवकाम, बासरी, चित्रं, स्वयंपाक असं सगळं ते करत. ‘छंदांविषयी’ नावाचं पुस्तकही त्यांनी लिहिलं. त्यांना कशातही पारंगत व्हायची घाई नव्हती. व्यसनाने ज्याचा हात थरथरतो, ज्याला नोकरीतून काढलंय, ज्याच्यावर घरातलं कोणी विश्वास ठेवत नाही, त्याच्यासमोर कोणी कागदाच्या घड्या घालत बसलं आणि म्हणालं, ‘हा घे, तूही कर’, तर त्या माणसाला बऱ्याच काळाने अशी गोष्ट मिळते जिच्यात नापास होण्याची सोय नाही. घडी चुकली तर उलगडायची आणि पुन्हा घालायची. उपदेशाने जे होत नाही ते अशा वेळी होऊन जातं.

इथे एक गोष्ट रोखठोक सांगायला हवी. छंदाने व्यसन बरं होत नाही. बरीच वर्षं रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू थांबवली तर फिट्स येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. तिथे डॉक्टरच हवा. नैराश्यात किंवा स्किझोफ्रेनियात गोळ्या बंद करून ‘चित्रकलेचा क्लास लाव’ असं सांगणारे नातेवाईक भेटतात, त्यांनी हा अंक दाखवून आमचा हवाला देऊ नये. औषध माणसाला उभं करतं. उभं राहिल्यावर चालायचं कुठे, हा त्यानंतरचा प्रश्न, आणि छंद येतो तो तिथे.

आणि तो येतो तेव्हा बेचव लागतो. अडचण नेमकी इथेच येते. नशेचे पदार्थ मेंदूत डोपामिनची अशी उसळी घडवतात की त्यापुढे रोजची छोटी सुखं फिकी पडतात. नशा थांबली तरी ही अवस्था लगेच पालटत नाही, त्याला महिने लागतात. या काळात गाणं ऐकलं तरी भिडत नाही, पत्ते खेळले तरी कंटाळा येतो आणि माणूस म्हणतो, ‘पिणं सोडून मिळालं काय?’ नैराश्यातल्या माणसाचंही गाऱ्हाणं हेच असतं की कशातच रस वाटत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पीटर लुइन्सन यांनी १९७०च्या दशकात या गाऱ्हाण्याला उलटं उत्तर दिलं. रस वाटेल तेव्हा करीन असं म्हणत थांबू नका, आधी करा, रस मागून येईल. पुढे १९९६ मध्ये नील जेकबसन यांच्या गटाने नैराश्याच्या रुग्णांवर तपासून पाहिलं, तेव्हा रोजच्या कृती ठरवून वाढवण्याचा नुसता हा भागही विचार बदलण्याच्या पूर्ण उपचाराइतकाच उपयोगी ठरला. आपल्याकडे मात्र ‘मूड नाही’ या दोन शब्दांपुढे सगळं अडतं. पहिले काही आठवडे मूडला विचारायचंच नाही, एवढं घरच्यांनी जाणून घेतलं तरी पुष्कळ.

अमेरिकेतल्याच इलिनॉय राज्यात जॉर्ज हंट आणि नेथन ॲझरिन यांनी १९७३ मध्ये मांडलेला एक प्रयोग मला फार आवडतो. एका सरकारी मनोरुग्णालयातल्या दारूच्या रुग्णांचा लहानसा गट त्यांनी घेतला. त्यांना नोकरी शोधायला मदत केली, घरची नाती सांधायचा प्रयत्न केला आणि एक जुना दारूचा गुत्ता ताब्यात घेऊन त्याचा क्लब केला. तिथे पत्ते होते, नाच होता, गाणी वाजत, खायला मिळे. सगळा थाट गुत्त्याचाच, दारू तेवढी नाही. पिऊन येणाऱ्याला दारातून परत पाठवत. या गटातले लोक इतर रुग्णांपेक्षा पुढे कितीतरी कमी प्यायले. माणूस गुत्त्यावर फक्त दारूसाठी जात नाही, तिथे त्याला नावाने हाक मारणारे चार जण असतात म्हणूनही जातो, हे त्या दोघांनी ओळखलं होतं.

आपल्याकडे हे ओळखायला १९७३ उजाडावं लागलं नव्हतं. वारकऱ्याने गळ्यात माळ घातली की दारू-मटण सुटतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ती माळ टिकते कशी याकडे आपण पाहत नाही. गावात रोज संध्याकाळी हरिपाठ असतो, एकादशीला भजन असतं, वर्षाकाठी सप्ताह असतो, आषाढीला वारी असते. पिण्याची जी वेळ नेमकी त्याच वेळी हातात टाळ येतो. चाल शिकायची असते, पखवाजवाल्याशी जुळवून घ्यायचं असतं, एक दिवस गैरहजर राहिलं तर दुसऱ्या दिवशी विचारणारं कोणीतरी असतं. श्रद्धेचं बळ मी कमी लेखत नाही. पण श्रद्धेइतकंच ते वेळापत्रकही माणसाला सांभाळतं, असं माझं मत आहे. दारूबंदीसाठी या राज्यातल्या बायकांनी मोर्चे काढले, गुत्ते फोडले, १९९३ मध्ये गडचिरोलीत बंदी आणवली. बाटली हटवणं हे अर्धं काम झालं. संध्याकाळ भरणं हे उरलेलं अर्धं, आणि त्याला कोणतंच सरकारी खातं वाली नाही.

व्यसनी माणसाच्या बायकोचं काय? नवऱ्याच्या आधी छंद सुटतो तो तिचा. भिशी सुटते, भरतकाम सुटतं, वाचन सुटतं, कारण तिची प्रत्येक संध्याकाळ वाट पाहण्यात जाते. मुक्तांगणमध्ये अशा पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालतो. नवरा सुधारला की आपोआप बायकोही सावरेल, हा समज चुकीचा आहे. तिलाही तिचे तीन तास परत मिळायला हवेत, आणि ते मागताना तिला अपराधी वाटता कामा नये.

कामातून उपचार ही कल्पना मनोरुग्णालयांत जुनीच आहे. आपल्या देशात तिला शास्त्राचं रूप आलं ते कमला निंबकर यांच्यामुळे. मूळच्या अमेरिकन असलेल्या या बाईंनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली, जी देशातली पहिली. त्या शास्त्राचं मर्म असं, की हाताला दिलेलं काम त्या माणसाला अर्थपूर्ण वाटलं पाहिजे. रुग्णाला विणायला बसवलं आणि त्याला विणण्यात काडीचाही रस नसला, तर ती वेठबिगारी झाली. निवड त्याची असायला हवी. ज्याच्या आयुष्यातले सगळे निर्णय इतर घेतात, त्याला बागेत काय लावायचं एवढं तरी स्वतः ठरवू द्या.

हा निवडीचा मुद्दा आपल्या मध्यमवर्गाला झेपत नाही. मुलगा पेटीवर बोटं फिरवू लागला की आठवड्यात क्लास, वर्षात परीक्षा आणि तिसऱ्या वर्षी ‘ऑडिशन कधी आहे?’ छंदाला निकाल लागला की त्यातली मोकळीक संपते. नुकत्याच सावरलेल्या माणसाच्या बाबतीत तर हे घातकच. त्याने काढलेलं चित्र तुम्ही उत्साहाने सगळ्या ग्रुपवर टाकता, पुढचं चित्र तो लाइकसाठी काढतो आणि त्यापुढचं काढतच नाही. दुसरी एक काळजीही घ्यावी लागते. छंदाच्या नावाखाली बाटली परत येते. क्रिकेटची टूर्नामेंट संपली की पार्टी, ट्रेकचा मुक्काम म्हटला की पार्टी. आणि मोबाइलवरची पैशांची रमी हा छंद नाही, ते नवं व्यसन आहे.

व्यसन लागण्याआधीच संध्याकाळी भरून ठेवल्या तर काय होतं, हे आइसलँडने दाखवलं आहे. तिथे १९९८ मध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं मागच्या महिन्यात दारू पिऊन झिंगलेली होती. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. मुलांनी रात्री उशिरा बाहेर राहण्यावर बंधनं आली, पालकांनी आपसात करार केले, आणि खेळ, संगीत, नृत्य यांसाठी सरकारने पैसा ओतला. राजधानी रेक्याविकमध्ये तर छंदवर्गांची फी भरायला कुटुंबांना अनुदान मिळतं. तो चिमुकला, श्रीमंत देश आहे, हे मान्य. पण तालमी ओस पडू देणं, वाचनालयाचं अनुदान रखडवणं, खेळाच्या मैदानावर पार्किंग करणं आणि वर ‘आजची पिढी बिघडली’ म्हणणं, याचा गरिबीशी संबंध नाही.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणीत दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला काही उपचार मिळाल्याचं आढळलं. उरलेल्या ३७ जणांतला एखादा या अंकाच्या वाचकाच्या घरात किंवा शेजारी असणार. व्यसनमुक्तीच्या मदतीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हे दोन्ही सरकारी क्रमांक निःशुल्क आहेत, ते फ्रिजवर चिकटवून ठेवा.

आणि एक विनंती. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून न वाजणारी पेटी, अर्धवट सोंगट्यांचा कॅरम, सुतारकामाची हत्यारं, रंगांच्या पेट्या खाली आल्या असतील. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी जवळच्या व्यसनमुक्ती केंद्राला किंवा मनोरुग्णांच्या पुनर्वसन केंद्राला फोन करून विचारा. त्यांना हवं असेल ते दुरुस्त करून, स्वतः नेऊन द्या. हा अंक वाचून झाला की तोही त्यातच घाला.