फिकट अक्षरे, हरवलेली तारीख

घरातला प्रिंटर अचानक रुसून बसला, की कुणीतरी मोबाइल हातात घेऊन उपाय शोधू लागते. उपाय सापडतोही. एखाद्या हौशी तंत्रज्ञाने आपला वेळ खर्चून, एक पैसा न घेता तो लिहून ठेवलेला असतो. पण वाचायला घेतले की आधी चष्मा शोधावा लागतो. पांढऱ्याशुभ्र पडद्यावर बारीक, राखाडी अक्षरे! लिहिता लिहिता शाई संपत आली असावी तशी.

दिसायला ते नाजूक वाटते, हे कबूल. पण लिहिणारा पंचविशीचा आणि वाचणारे आजोबा सत्तरीचे असले तर? वय वाढते तसे डोळ्यातले भिंग पिवळसर होत जाते, आत पोचणारा प्रकाश कमी होतो. म्हणूनच वेबचे मापदंड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २००८ साली सांगून ठेवले, की साधा मजकूर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण निदान ४.५ ला १ असावे. पांढऱ्यावर काळे अक्षर असेल तर हे प्रमाण २१ ला १ भरते. या मंडळींची लाडकी फिकट राखाडी कित्येकदा ३ लासुद्धा पोचत नाही.

पूर्वीच्या खोडी वेगळ्या होत्या. १९९४ च्या सुमारास नेटस्केपने लुकलुकणारी अक्षरे आणली आणि जो तो ती वापरू लागला. जेकब नील्सन या जाणकाराने १९९६ मध्ये दहा ठळक चुकांची यादी केली. सरकता मजकूर तीत होता, तशीच शिळी माहितीही होती. लुकलुकणे फायरफॉक्सने २०१३ मध्ये बंद करून टाकले. शिळी माहिती मात्र अजून ठाण मांडून आहे.

शिळेपणा ओळखायचा तो तारखेवरून, आणि नेमकी तीच गाळलेली असते. लिखाण सदा ताजे दिसावे म्हणून! बिस्किटाच्या पुड्यावर तारीख असते, सल्ल्यावर नसते. हा प्रकार नुसता त्रासाचा नाही, धोक्याचाही आहे. 'व्हिडिओ दिसत नसेल तर फ्लॅश प्लेअर घ्या,' हा सल्ला एके काळी बरोबर होता. अडोबीने त्याची देखभाल ३१ डिसेंबर २०२० रोजी थांबवली. त्याच्या नावाने खोटे, व्हायरस भरलेले प्रोग्रॅम मात्र बरेच फिरले. बिनतारखेचा सल्ला वाचून आज कुणी फ्लॅश शोधायला निघाला, तर त्याच्या हाती काय लागेल?

बाकी किरकोळ तक्रारीही आहेत. उपायाआधी कंप्युटर पहिल्यांदा घरी कसा आला याची लांबण. मग 'फक्त एवढे करा, अगदी सोपे आहे' असे म्हणून मधल्या तीन पायऱ्या गाळणे. (सोपे असते तर वाचणारा तिथे आला असता का?) आणि टाइप करायची आज्ञा चक्क फोटोत! ती कॉपी होत नाही. अंध वाचकाला मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअरही, फोटोमागे वर्णन लिहिलेले नसेल, तर तिथे अडते.

कंप्युटरवर कंट्रोल आणि अधिकची खूण एकत्र दाबली की अक्षरे मोठी होतात. फायरफॉक्स आणि सफारीत निव्वळ मजकूर दाखवणारी वाचनाची सोयही आहे. तिने बऱ्याच ठिकाणी राखाडीपासून सुटका होते. तारखेला मात्र अशी कळ नाही. ती लिहिणाऱ्यानेच घालायला हवी.