भुतांची आरास, साडेसात डॉलरांत

दरवर्षी दिवाळी अंकात मी तुम्हांला आकाशकंदिलाचा नवा नमुना सांगते. यंदा भुतं करायला शिकवणार आहे. हसू नका! २०२४ ची दिवाळी मी न्यू जर्सीला मुलाकडे केली. तिथे त्या वर्षी लक्ष्मीपूजन आणि हॅलोविन एकाच दिवशी, ३१ ऑक्टोबरला आले. नाना वेष करून मुलं घरोघर गोळ्या-चॉकलेटं मागत हिंडतात, तो हा सण.

मुलाची नोकरी सप्टेंबरातच गेलेली. सूनबाई दुकानात वस्तू उचलायची, किंमत बघायची आणि परत ठेवायची. समोरच्यांच्या अंगणात बारा फुटी प्लॅस्टिकचा सांगाडा उभा! २०२० साली असले सांगाडे निघाले तेव्हा एकाला २९९ डॉलर पडत. माझी नऊ वर्षांची नात काहीच मागत नव्हती, आणि तेच मला टोचत होतं. एवढंच म्हणाली, "आजी, दारात काही नसलं की मुलं पुढच्या घरी जातात."

मी पदर खोचला.

तिथे दूध पावणेचार लिटरच्या पांढरट प्लॅस्टिकच्या कॅनमधून येतं. तसे आठ रिकामे कॅन जमवले, गरम पाण्यानं धुवून वाळवले. (यात आळस करू नका, आंबूस वास येतो!) काळ्या शाईनं डोळे आणि तोंड नातीनं रंगवलं. तिची दोन भुतं स्वतःच भ्यालेली दिसत होती, ती मी मुद्दाम पुढे ठेवली. प्रत्येकाच्या पाठीला भोक पाडलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून आत मूठभर खडे टाकले आणि दिवाळीची विजेची माळ एकातून दुसऱ्यात ओवत नेली. पणती मात्र मुळीच नको. प्लॅस्टिक पेटतं, आणि मुलांचे घोळदार झगे जवळून जात असतात.

फाटक्या चादरीचे चौकोन, आत वर्तमानपत्राचा बोळा, गळ्याशी दोरा: झाडाला टांगायची भुतं झाली. काळा कागद दुमडून अर्धी आकृती कापली की उलगडल्यावर अख्खं वटवाघूळ.

भोपळ्याला सहा डॉलर मोजले, काळ्या कागदाला दीड. पूर्वी आयर्लंडात सलगम कोरीत. तिथली माणसं अमेरिकेत आली आणि त्यांना हा ऐसपैस भोपळा मिळाला. आपण नरकचतुर्दशीला फोडतो ते कारीटही याच्याच कुळातलं, बरं का! झाकण कापताना सुरी तिरकी धरा. सरळ कापलं तर झाकण आत पडतं, माझं पडलं. कोरायचाही आदल्या दिवशीच, लवकर कोरला तर बुरशी धरतो. बिया धुवून, तेलमीठ लावून भाजल्या, त्या सगळ्यांनी खाल्ल्या. गराचे घारगे करायला गेले आणि फसले. हा कोरायचा भोपळा पाणचट आणि रेषाळ. पीठ घालून घालून हात दुखले, तरी गोळा होईना. स्वयंपाकाचा लहान, गोड भोपळा तिथे निराळा मिळतो.

संध्याकाळी पूजा लवकर उरकली. वर आकाशकंदील, उंबऱ्याशी रांगोळी आणि पायऱ्यांवर दुधाची भुतं. मुलगा बरेच दिवसांनी बाहेर येऊन शेजाऱ्यांशी बोलत उभा राहिला. नात पायरीवर बसून मुलं मोजत होती. एका चिमुकल्या वाघानं गोळी घ्यायची सोडून भ्यालेल्या भुतालाच मिठी मारली.

सत्ताविसाव्या मुलाला गोळ्या संपल्या. नात धावत आत आली आणि सुनेला म्हणाली, "आई, अजून येताहेत! शंकरपाळे दिले तर चालतील?"