यंत्राची नजर आणि माणसाची बुद्धी

पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनू यांचे जन्मगाव. डिंभे धरणाचे पाणी कालव्यांतून खेळू लागल्यापासून या तालुक्यात ऊस वाढला आणि त्या दाट उसात बिबट्याने घर केले. मूल शाळेतून परत येईपर्यंत आईचा जीव टांगणीला लागतो. म्हणून जुन्नर वनविभागाने काही ठिकाणी बिबट्या ओळखून भोंगा वाजवणारी, कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी यंत्रे बसवली आहेत.

असंख्य छायाचित्रे दाखवून या यंत्रांना बिबट्याची आकृती ओळखण्यास शिकवलेले असते. रात्र कितीही मोठी असो, त्यांचा डोळा लागत नाही. १९९७ साली डीप ब्लू या संगणकाने बुद्धिबळाचा जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह याला हरवले. २०२२ साली माणसासारखे संभाषण करणारे चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले. त्यामुळे यंत्र आता माणसाइतके बुद्धिमान झाले, असे पुष्कळांना वाटते. हा समज घाईचा आहे.

बिबट्या ओळखणाऱ्या यंत्राला बिबट्या म्हणजे काय, हे ठाऊक नसते. ऊसतोडीच्या वेळी फडात कधी कधी बिबट्याची बछडी सापडतात. त्यांची आई जवळपास असणार आणि ती परतणार, हे शेतकरी तत्काळ जाणतो. कारण वासरासाठी हंबरणारी गाय त्याने पाहिलेली असते. वनखात्याची माणसेही बछडी तेथेच सुरक्षित ठेवून रात्री मादीची वाट पाहतात. गोठ्यात मिळालेले ज्ञान फडात उपयोगास आणणे, हेच सर्वांगीण बुद्धीचे लक्षण होय.

संभाषण करणारी यंत्रेही 'बछड्यांची आई परतेल' असे सांगतील. त्यांचे सामर्थ्य दिवसेंदिवस वाढत आहे. तथापि त्यांचे ज्ञान मुख्यतः माणसांनी लिहून ठेवलेल्या अफाट मजकुरातून आलेले आहे. न घडलेली गोष्टही ती कित्येकदा तितक्याच ठामपणे सांगतात. माणूस थोडक्या अनुभवावरून शिकतो. आणि चुकीचे फळ त्यालाच भोगावे लागत असल्याने तो जपून पाऊल टाकतो. हे अंतर पुढे मिटेल की नाही, याविषयी शास्त्रज्ञांत एकमत नाही. परंतु आज ते निश्चित आहे.

म्हणूनच भोंगा वाजला नाही, तेव्हा उसात बिबट्या नाही, असे मानणे घातक ठरेल. यंत्राला दिसते ते केवळ त्याच्या नजरेच्या टप्प्यातले. तिन्हीसांजेला कुत्री एकाएकी उसाकडे तोंड करून भुंकू लागली, तर भोंग्याची वाट न पाहता सावध व्हावे. मुलांनी एकट्याने ती वाट धरू नये. यंत्राला राखणदार अवश्य नेमावे, पण कारभारी करू नये. भोंग्यावर विसंबून माणसाने आपले भान सोडले, तर यंत्र आणि माणूस यांतील अंतर कमी होईल खरे. परंतु ते यंत्र वर चढल्यामुळे नव्हे, माणूस खाली उतरल्यामुळे!